वीस मिनिटं नेमकी कुणाची?



आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, पण त्या निमित्तानं एका वर्गाबद्दलही. पुस्तक आहे मायकेल सॉर्किन यांचं ‘ट्वेंटी मिनिट्स इन मॅनहॅटन’, २००९ सालचं. सॉर्किन वास्तुविशारद होतेच, पण टीकाकार म्हणून अधिक गाजले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, म्हणजे सार्वजनिक विद्यापीठात, ते नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे प्रमुख होते. मार्च २०२० मध्ये कोविडनं गेले.

पुस्तकात घडतं काय? एक माणूस ग्रेनिच व्हिलेजमधल्या घरातून निघतो आणि चालत ट्रायबेकातल्या आपल्या ऑफिसात पोचतो. बस्स, एवढंच. पण सुरुवात होते घराच्या जिन्यापासून. पायरीची उंची किती असावी इथून विषय निघतो आणि लिफ्ट आल्यावर वरचा मजला गरिबाचा राहिला नाही, श्रीमंताचा झाला, इथवर जातो. पुढे वॉशिंग्टन स्क्वेअर लागतो. त्या चौकातून मोटाररस्ता काढायचा रॉबर्ट मोझेस यांचा बेत होता, तो जेन जेकब्ज आणि शेजारपाजारच्या लोकांनी हाणून पाडला. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि तरी सांगतो: साध्या जिन्यावरून न्यायाच्या प्रश्नाला हात घालणं सोपं नाही. सॉर्किन ते सहज करतात.

आता आमची तक्रार.

ही वाट दक्षिणेकडे, ऑफिसकडे जाते. सॉर्किन शिकवत ते कॉलेज मात्र उत्तरेला, हार्लेममध्ये. तिथे चालत येणारे थोडे. बाकीचे ब्रॉन्क्समधून, क्वीन्समधून, गाडी बदलत येतात. सॉर्किन यांची वीस मिनिटं शक्य झाली ती भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे, आणि हे ते लपवत नाहीत. मुंबईतल्या जुन्या चाळीत वाढलेल्यांना यातली मेख सांगायला नको. पण ज्याला असं घर मिळालंच नाही, त्याचं शहर कसं दिसतं?

कुणी म्हणेल, जे पुस्तकात नाही त्याबद्दल लेखकाला का धरता? रास्त आहे. पण चालणं हा नागरिकपणाचा पाया आहे, असा दावा लेखक स्वतःच करतो. मग कामाला पायी जाणं ज्याच्या आवाक्यात नाही, तो नागरिक उणा ठरतो का? हे विचारावंच लागेल.

आणि हा प्रश्न त्या कॉलेजच्या इतिहासातच आहे, बरं का. १८४७ मध्ये ते ‘फ्री अकॅडमी’ म्हणून निघालं, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी, फी न घेता. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं, १९७० मध्ये प्रवेशाची दारं मोकळी झाली. आणि १९७६ मध्ये, शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर, फी आली. दार उघडलं आणि सहा वर्षांत उंबऱ्यावर पैसे मागायला लागले!

वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणात तर फीइतकाच वेळही महाग असतो. स्टुडिओत रात्र रात्र बसावं लागतं. दिवसा नोकरी करून, जाऊन-येऊन तीन तास गाडीत घालवणारा मुलगा तिथे मागे पडतो. तो हुशारीत कमी नसतो, त्याच्याकडे तास कमी असतात. पण गुण देताना हा फरक कुठे दिसतो?

अमेरिकेत तत्त्वज्ञानाचा पदवीधरही वास्तुकलेच्या एम.आर्च.ला जाऊ शकतो. आम्ही तरुणपणी तिथे असतो तर कदाचित गेलो असतो, आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं: सर, आमचा घर ते कॉलेज हा रस्ता काढू का? सॉर्किन यांनी जिना, कट्टा, चौक जसा पाहिला, तसा फलाट, बदलायची गाडी, रात्री बंद असलेलं स्टेशनचं दार. आम्हाला वाटतं, पहिल्या सत्राचा पहिला अभ्यास हाच असावा.

तेव्हा आमचा निवाडा असा. पुस्तक जरूर वाचा. बघावं कसं, हे इतकं नीट शिकवणारी पुस्तकं थोडी. पण वाचताना शेजारी सबवेचा नकाशा उघडा ठेवा. सार्वजनिक विद्यापीठाचं खरं पुस्तक त्या नकाशावर आहे, आणि ते विद्यार्थ्यांनीच लिहायचं आहे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.