कऱ्हेचे पात्र आणि सांडपाण्याचे मानक

शुद्धीकृत नागरी सांडपाण्यातील प्राणवायूच्या जैवरासायनिक मागणीची मर्यादा केंद्र शासनाने २०१७ साली ठरविली; महानगरे व बहुतेक राजधान्या वगळता ती दर लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती १० वर आणण्याचा आदेश दिला. परंतु दोन्ही अंक नळाच्या तोंडाशी मोजावयाचे; पुढील पात्रात पाणी वाहते की नाही, हा प्रश्न त्यांत उद्भवतच नाही. मुळात तो होता. इंग्लंडच्या राजनियुक्त आयोगाने १९१२ साली २० ची मर्यादा सुचविली, ती नदीत सांडपाण्याच्या किमान आठपट बऱ्यापैकी स्वच्छ पाणी मिसळेल असे गृहीत धरून. आपल्या कोष्टकात अंक आहे, ही अट नाही.

बारामतीची कऱ्हा पर्जन्यछायेतील नदी. मोरोपंतांच्या या गावी उन्हाळ्यात तिला स्वतःचे पाणी क्वचितच असते. मग ३० चे ३०च राहतात. स्नानयोग्य पाण्याची मर्यादा मात्र ३ आहे! कऱ्हा सोनगावाजवळ नीरेस मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपुरास भीमेस. त्या संगमावर भाविक स्नान करतात. त्याखाली पंढरपूर आहे. (उजनी जलाशयाचा प्रश्न निराळा: तेथे पाणी विपुल, पण साठलेले, पुण्याच्या मैलापाण्यातील नत्र व स्फुरद त्यात जलपर्णी पोसतात.)

अशा नदीकरिता वर्षभर एकच अंक ठेवणे शास्त्रीय म्हणता येत नाही. मर्यादा महिनावार प्रवाहावरून ठरवावी, आणि कोरड्या महिन्यांत शुद्धीकृत पाणी पात्रात न सोडता शेतीस द्यावे.