झाले की केले? शाळांसाठीच्या ऑनलाइन परिसर-इतिहासाविषयी

आजचा विषय तसा लहान मुलांचा आहे, पण आम्ही तो तत्त्वज्ञानाच्या बाजूने मांडणार आहोत. थोडे सांभाळून घ्या.

शाळांसाठी पर्यावरण आणि स्थानिक इतिहास शिकवणारे ऑनलाइन उपक्रम आता उदंड झाले आहेत. नकाशावर टिचकी मारा, नदीचा प्रवास पाहा, शेवटी दहा प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र छापून घ्या. आम्ही गेले काही महिने त्यांतले बरेच उपक्रम पाचवीतल्या पोरासारखे बसून केले. प्रमाणपत्रेही मिळाली. (हशा.) त्यांतल्या कुणा एकाचे नाव घेऊन आम्ही बोलणार नाही, कारण खोट एकाची नाही, ती सगळ्या जातकुळीतच आहे.

या उपक्रमांचे लाडके साधन म्हणजे उपग्रहाची चित्रे. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवायची, की शहर वाढताना दिसते, जंगल आटताना दिसते. गूगल अर्थवरची अशी चित्रमालिका १९८४ पासून सुरू होते. साधन मोठे प्रभावी आहे, आम्हीही तासभर त्यात रमलो. पण जरा विचार करा. मुळशीचा तलाव भरला तो १९२० च्या दशकात. पानशेत फुटले १९६१ साली. कोयनेचा शिवसागर साठला तो १९६० च्या दशकात, आणि तिथला भूकंप १९६७ चा. पैठणचा नाथसागर १९७० च्या दशकातला, उजनी १९८० च्या सुमाराची. म्हणजे आपल्या प्रदेशाचा चेहरामोहरा बदलणाऱ्या बहुतेक मोठ्या गोष्टी ही चित्रमालिका सुरू होण्याआधीच उरकलेल्या आहेत. पट्टीच्या पहिल्या चित्रात मुळशीला तलाव आहे आणि शेवटच्या चित्रातही आहे. मुलाने काय समजायचे? तलाव सह्याद्रीइतकाच जुना! जे साधन बदल दाखवायला आणले, ते इथे बदल झाकून ठेवते. आणि पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते की बाबा, याच्या आधीचे आम्हांला दिसत नाही.

मुळशीला काय होते? मुळा-निळा नद्यांच्या खोऱ्यात पन्नासेक गावे होती, मावळ्यांची भातशेती होती. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने तिथे धरण धरले, सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या, आणि १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या इंग्रजी नावातच त्यांनी याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. पण व्होरांचे आम्हांला जास्त मोल वाटते ते वेगळ्याच कारणासाठी. कंपनी विरुद्ध शेतकरी इतकी सोपी गोष्ट त्यांनी सांगितलेली नाही. जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या, मालकी पुष्कळदा त्यांचीच झाली होती. मोबदला मिळतोय म्हटल्यावर त्यांचे हित वेगळे आणि कसणाऱ्याचे वेगळे. १९२४ पर्यंत लढा विझला. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडले गेले, मुंबईत दिवे लागले.

आता माझ्या... आमच्या मुद्द्याकडे येतो. या उपक्रमांतली भाषा पाहा. ‘नदी प्रदूषित झाली.’ ‘गावे पाण्याखाली गेली.’ ‘जंगल कमी झाले.’ ‘जैवविविधता धोक्यात आली.’ मराठीत ‘झाले’ आणि ‘केले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे घरात कप फुटला की चार वर्षांच्या पोरालाही कळते. ते म्हणते, ‘कप फुटला.’ आई विचारते, ‘फुटला की फोडलास?’ (हशा.) आईचा हा प्रश्न म्हणजेच इतिहास, बरं का. निसर्गात गोष्टी होतात, इतिहासात त्या कोणीतरी करतो, कोणासाठी तरी करतो, आणि कुणाला तरी त्याची किंमत पडते. परिसराचा इतिहास शिकवतो असे म्हणून सगळी क्रियापदे ‘होणे’ची वापरायची, याला आम्ही इतिहास म्हणणार नाही. तो हवामानाचा अंदाज झाला.

आणि शेवटी जी प्रश्नमंजूषा असते, तिला एकच बरोबर उत्तर लागते. ‘धरणाचा फायदा कोणता?’ चार पर्याय. धरणाने कुणाचा फायदा झाला, हा प्रश्न तिथे बसतच नाही, कारण त्याला चौकोनात मावणारे उत्तर नाही.

यावर शिक्षक मंडळी लगेच म्हणतात, ‘सर, म्हणून तर म्हणतो, पडदा बंद करा आणि मुलांना बाहेर न्या.’ हे ऐकायला गोड आहे, पण आम्हांला तितकेसे पटत नाही. बर्ट्रंड रसेलने १९११ च्या एका निबंधात ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले: एक साक्षात परिचयाने होणारे, दुसरे वर्णनाने होणारे. मुलाला बाहेर न्या म्हणणाऱ्याला वाटते, परिचय वरचढ. चला, उजनीला जाऊ. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात मुले न्या. रोहित पक्षी दिसतील, पट्टेरी राजहंस दिसतील. मुले मोजतील, फोटो काढतील, चढवतील. उत्तम. आम्हीही गेलो आहोत, होडीत बसलो आहोत, डोळ्यांचे पारणे फिटते. पण त्या होडीखाली कुणाचे शिवार आहे, हे डोळ्यांना कसे दिसणार? पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते, तेव्हा माणसे बघायला धावतात. बाकीच्या वर्षी त्या गावाचा परिचय होण्याची सोय नाही. तिथे वर्णनच हवे. नकाशा हवा, कागद हवा, कुणा आजीची आठवण हवी. म्हणजे ज्या ठिकाणी डोळे लुळे पडतात, नेमके तिथेच ऑनलाइन साधनाने उपयोगी पडायला पाहिजे, आणि नेमके तिथेच ते पुन्हा डोळ्यांना सुखावणारी चित्रेच दाखवत बसते. आमची तक्रार ही आहे.

सगळेच तसे नाही, हे सांगायला हवे. सीझनवॉचसारखा उपक्रम आहे. त्यात मूल एक झाड निवडते आणि दर आठवड्याला पाने, फुले, फळे यांची नोंद करते. केरळातल्या शाळांनी तो फार मनावर घेतला. त्यात इतिहास नाही, पण खोटेपणाही नाही, कारण झाडाला फूल खरोखर ‘येते’. तिथे ‘होणे’ हे क्रियापद आपल्या जागी आहे.

मग करायचे काय? आम्ही एकच गोष्ट सुचवतो. महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या प्रत्येक घराला माहीत असलेला एक कागद आहे: सातबारा. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये पीक काय, पाणी कशाचे, झाडे कोणती ते. पर्यावरण आणि इतिहास एकाच पानावर! तो आता ऑनलाइन दिसतो, आणि काही जिल्ह्यांतले जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफारही स्कॅन झालेले आहेत. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणी करतात, म्हणजे तंत्र घरात पोचलेच आहे. मुलाने घरच्यांच्या परवानगीने स्वतःच्या घरचाच एक गट घ्यावा. आज ऊस आहे. आजोबांच्या वेळी काय होते? पाणी विहिरीचे होते, आता कालव्याचे किंवा जलाशयातून उचललेले, हे कोणत्या साली? फेरफारात ‘संपादन’ हा शब्द कुठे आला? ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे, आणि आमच्या मते उपक्रमातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच ठरेल: त्याच वर्गात बसलेल्या या मुलाच्या घरी हा कागद का नाही? उत्तर धरणात असेल, सावकारीत असेल, जातीत असेल. ते प्रमाणपत्रात मावणार नाही.

अडचण आहेच. असा उपक्रम दहा मिनिटांत संपत नाही, आपोआप गुण देता येत नाहीत, आणि एखाद्या गावात तो शिक्षकाला जडही जाऊ शकतो, कारण कुणाची जमीन कशी आली हे सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. मुख्याध्यापक म्हणतील, नको ती भानगड. आम्हांला त्यांचे भय समजते. पण बालभारतीने तिसरीचा परिसर अभ्यास जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा काढला, त्यामागे विचार हाच ना, की पुण्याच्या मुलाचा परिसर गडचिरोलीच्या मुलाला चालत नाही? छापील पुस्तकाला तालुक्याच्या खाली उतरणे परवडत नव्हते. पडद्याला परवडते, अगदी गटनंबरापर्यंत. एवढी सोय हाताशी असताना सगळ्या राज्याला तेच एक जलचक्र आणि तोच एक रोहित पक्षी दाखवायचा, याला आळस म्हणायचे की सावधगिरी, हे तुम्हीच ठरवा.

मागे कुणीतरी हात वर केलेला दिसतोय. शिक्षिका आहात ना? या, पुढे या, माइक घ्या.