सीमावाद आणि मुस्लिम अस्मिता : एक दुर्लक्षित बाजू

सीमाप्रश्नावरील मराठी व कन्नड लेखनात एक गृहीत समान आढळते : माणसाची भाषा एकच असते. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, या साऱ्यांभोवतीचा वाद ‘गाव मराठी की कन्नड’ याच मापाने चालला. बेळगाव परिसरातील मुस्लिम समाज या मापात बसत नाही. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. जनगणनेच्या रकान्यात मात्र मातृभाषा एकच, बहुधा उर्दू. परिणामी तो दोन्ही पक्षांच्या बेरजेतून वगळला जातो, आणि मग त्याला उपरा ठरवणे सोपे होते. वास्तविक याच प्रदेशावर राज्य करणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नवरस’ दखनीत रचला.

घटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. पण १९४९ च्या ठरावातील अट शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थ्यांची. विखुरलेल्या वस्तीत एवढी मुले कोठून आणायची?

उर्दू शाळा मिळाली तरी प्रश्न सुटत नाही, हे उर्दू अध्यापकांनीही मान्य करायला हवे. दखनीतला ‘नक्को’ मराठी ‘नको’चाच सख्खा भाऊ. सीमाभागातील मुलाची मराठीशी असलेली जवळीक या एका शब्दात दिसते. निबंधाच्या वहीत मात्र तो अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडला जातो.