पाच धडे आणि एक खड्डा

गोल्फच्या मैदानात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. तरीही बेन होगनचं १९५७ सालचं 'फाइव्ह लेसन्स' रद्दीवाल्याकडून आणून मन लावून वाचलं. काठी कशी धरायची, उभं कसं राहायचं, अंग कसं वळवायचं. अँथनी रॅव्हिएलीची चित्रं तर अशी, की वाचता वाचता मी कोपऱ्यातली छत्री उचलली! पण माझी एक तक्रार आहे. चेंडू वाळूत गेला तर काय, याचा धडाच नाही.

मग इतर पुस्तकं चाळली. खड्डा होलजवळ असेल तर चेंडूमागची वाळू उडवायची. फार लांब असेल तर चेंडूच नेमका टिपायचा. चाळीस-पन्नास यार्डांवरून मात्र पंचाईत. वाळू जास्त घेतली की चेंडू खड्ड्यातच, मुळीच नाही घेतली की हिरवळीपार. उपाय एकच : सँड वेजऐवजी नऊ नंबरची काठी, आणि वाळू थोडीच घ्यायची, पण घ्यायची.

हे मला लगेच पटलं. महिन्याची वीस तारीख म्हणजे हेच अंतर. उसने थोडेच घ्यायचे, पण घ्यायचे.

होगनला दोष तरी काय द्यावा? बी. कॉम.च्या आमच्या पुस्तकांतही हा खड्डा नव्हताच.