लाकूड काय खातं

बेस गिटार मुद्दाम घडवून घ्यायला निघालेल्या वादकापुढे सगळ्यात आधी लाकडांची यादी येते. ॲश, ऑल्डर, महोगनी, मेपल, अक्रोड, वेंगे, बुबिंगा. प्रत्येक नावापुढे एक विशेषण चिकटवलेलं असतं: ॲश खणखणीत, महोगनी गोल, मेपल लखलखीत. वाचणाऱ्याला वाटतं, सूर लाकडात आधीच भरलेला आहे, आपण फक्त ओंडका निवडायचा. वाद्य नीट ऐकलं तर गोष्ट उलटी दिसते. लाकूड आवाज देत नाही, खातं. कोणतं लाकूड काय खातं आणि किती लवकर खातं, हा निवडीचा खरा प्रश्न आहे.

तार छेडताना बोट तिला जी ताकद देतं ती तेवढीच. पुढे तिच्यात भर पडत नाही. खर्चाच्या वाटा मात्र अनेक. थोडी घोडीवाटे लाकडात मुरते, थोडी खुंट्यांकडच्या टोकाला जिरते, थोडी हवेत जाते. हवेत जाते तेवढीच आपल्या कानावर येते. ज्या तारेकडून कुणी काहीच घेत नाही ती खूप वेळ थरथरेल, पण ऐकू येणार नाही; जिच्याकडून सगळं झटकन घेतलं जातं ती मोठ्याने बोलून गप्प होईल. टिकणं आणि ऐकू जाणं यांतली ही ओढाताण कशी सोडवली आहे, यावर वाद्याचा स्वभाव ठरतो.

बेस गिटारने ती विजेच्या जोरावर टाळली. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्याचं अंग भरीव ॲशचं होतं आणि मान मेपलची. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेला पिकअप; तो तारेची हालचाल थेट टिपतो. हवा ढकलायचं काम ॲम्प्लिफायरकडे गेल्यावर लाकडाने तारेकडून काही घ्यायची गरजच उरली नाही. म्हणून या वाद्यात अंगाचं लाकूड जेवढं बोलतं त्याहून त्याच्याबद्दल जास्त बोललं जातं. मानेचं तसं नाही. ती लांब, बारीक आणि कायम ताणाखाली असते. तिचा स्वतःचा कंप एखाद्या सुराशी जुळला की ती तो सूर गिळते. बऱ्याच बेसवर सगळ्यात बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा एखादा मुका सूर सापडतो. अलेम्बिकसारख्या कारखान्यांनी १९७० च्या दशकात थरावर थर चिकटवून कडक केलेली मान अंगातून थेट आरपार नेली. मान कमी खाऊ लागली तशी तार लांबवर बोलू लागली.

पण लांबवर बोलणं हा बेसचा एकमेव गुण नव्हे. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन, त्याचं वाद्य पाहावं. १९६२ चा साधा प्रिसिजन बेस, त्यावर चपट्या वेटोळ्याच्या जाड तारा, त्याही सहसा न बदललेल्या, आणि घोडीच्या झाकणाखाली स्पंज. त्या स्पंजाचं काम एकच, खाणं. सूर उमटला की लगेच आवरतो, म्हणून पुढच्या सुराला मोकळी जागा मिळते आणि जेमर्सनची बोटं हव्या त्या आडवाटेने फिरून ठेक्यावर परत येऊ शकतात. १९६० च्या दशकातली मोटाउनची किती तरी गाणी या खाल्लेल्या सुरांवर उभी आहेत. दुर्मीळ लाकडाला हजारो डॉलर मोजणाऱ्याने या स्पंजाचा एकदा तरी विचार करावा.

विजेविना ही ओढाताण कशी सुटते, ते मात्र मिरजेच्या तंबोऱ्यात वाचावं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. त्या परंपरेतल्या कुटुंबांना सतारमेकर हेच आडनाव पडलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात विसावले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात तंबोरा सांगायला गेलं की मुद्द्याचा प्रश्न लाकडाचा नसतो, सुराचा असतो. पेटीवरची काळी एक की पांढरी चार? गळा पुरुषाचा की बाईचा? भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं त्या उत्तरामागून येतं.

तंबोरा खालून वर वाचत जावा. तळाशी भोपळा. हा कडू, भाजीच्या उपयोगाचा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमेच्या अंगच्या शेतांतून येतो. वाळवलेला भोपळा कापून, भिजवून, आतला गर आणि बिया खरवडून काढल्या की पातळ, हलकी, टणक कवटी उरते. तिच्यात कोंडलेली हवा कोणत्या सुराला पाठबळ देईल, ते घेरावर अवलंबून. त्यावर तबली, म्हणजे वरची झाकणफळी, बहुधा तूनची. तून हे हलकं, लालसर लाकूड. तबली पातळ आणि मधोमध किंचित फुगीर असते, आणि खाण्याचं देण्यात रूपांतर होतं ते इथेच: ती तारेकडून घेते ते स्वतःत न जिरवता हवेला देऊन टाकते. जाड ठेवली तर तार टिकेल, पण तंबोरा पुटपुटेल. फार पातळ केली तर भरघोस बोलेल, पण तारांच्या ताणाखाली हळूहळू खचेल. या दोन चुकांच्या मधली जाडी फूटपट्टीवर सापडत नाही, कारण एका झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. ती बोटाने ठोकून, कानाने ठरवावी लागते. वरची पोकळ दांडी ताण सोसते आणि स्वतः फारसं काही मागत नाही. यादीतलं एकही विशेषण इथे एकट्या लाकडाला लागू पडत नाही. जाडी, फुगवटा, घेर आणि ताण यांच्या सोबतीशिवाय तूनला स्वतःचा आवाज नाही.

सगळ्यात रसाळ ओळ मात्र घोडीची. बेसच्या घोडीवर तार धातूच्या एका ठराविक बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, वरून अगदी अलवार उतरती. पूर्वी तिला हस्तिदंत किंवा सांबरशिंग लावत. आता हाड, एबनी किंवा प्लास्टिकही चालतं. थरथरणारी तार या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि उठते, त्यामुळे तिची लांबीच सतत किंचित बदलत राहते. खाली सरकवलेला सुताचा दोरा ती नेमकी कुठे उठावी ते ठरवतो. कारागीर कानस फिरवतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. या उताराची नेमकी घडण म्हणजे जवारी; ती लागली की तार एकदम उजळते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या घोडीचं वेगळेपण दाखवलं. नियम असा की तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये. वीणेच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीवर तोही उमटतो. वक्र घोडी एका उपस्वराची ताकद दुसऱ्याकडे वळवत राहते. ती खात नाही, वाटप करते. म्हणून खरज, म्हणजे सगळ्यात खालची तार, छेडल्यावर खालचा षड्ज मावळताना वरून गंधार उमलतो, जो कुणी लावलेलाच नसतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि तंबोरा जुळला की नाही हे त्यावरून पारखतात.

या वाटपाचा दूरचा भाऊ बेसमध्येही भेटतो. बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढून मानेवरच्या शिसवी पट्टीवर इपॉक्सीचा कडक लेप दिला. त्या गुळगुळीत पट्टीवर तार हलकेच घासत बोलते आणि सूर छेडल्यानंतर फुलत जातो. घोडीवरची जवारी इथे पट्टीवर उतरली आहे. अशी शिसवी पट्टी जगभरच्या असंख्य गिटारींवर दिसते, आणि त्यांतलं बरंच शिसव आपल्याच जंगलांतलं. शिसवाच्या अख्ख्या कुळावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. लाकूड निवडताना हा हिशेबही मांडावा लागतो.

दोन्ही वाद्यांची जमीनही एकच आहे. काळी एकच्या तंबोऱ्याचा खरज सेकंदाला सुमारे ६९ कंपनं देतो. बेसच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या. म्हणजे खरज बेसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जाड तारेच्या मधे बसतो. त्याच उंचीवर एका वाद्याला चालायचं आहे, दुसऱ्याला उभं राहायचं आहे. चालणाऱ्याला सूर संपावा लागतो, उभ्याला तो संपता कामा नये. निवड लाकडापासून वेगळी होते ती इथून.

हिंगोली जिल्ह्यात या निवडीची दोन टोकं पाहायला मिळतात. कयाधूकाठचं नरसी हे नामदेवांचं गाव, आणि गावोगावच्या सप्ताहांत त्यांच्या कीर्तनपरंपरेची वीणा उभी असते. ही वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलताना दोघे विणेकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पखवाज आणि टाळांच्या गजरात चार पावलांवर ती ऐकूही येत नाही. तिला ना लांब टिकायचं आहे, ना दूर पोचायचं. विणेकऱ्याचं बोट थांबत नाही, त्यामुळे सूर कितीही लवकर खाल्ला गेला तरी चालतो. तिला हवं ते लाकूड हलकं, धक्के सोसणारं आणि तासन्‌तास खांद्याला न खुपणारं. चार-चार किलोचा बेस रात्रभर अडकवून वाजवणाऱ्याला ही कसोटी समजेल.

दुसरं टोक त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला उभं राहतं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनातल्या तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. अमेरिकेतल्या लायगोत प्रत्येक मुख्य आरसा ४० किलोचा असतो आणि चार तारांवर लटकतो. आधी आरसे पोलादी तारेवर लटकत; आता या तारा वितळवलेल्या शुद्ध सिलिकाच्या आहेत, सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. पोलाद सोडून काच का? कारण जो पदार्थ आवाज खातो तो स्वतःही गप्प बसत नाही: ज्या घर्षणाने कंप जिरतो, त्याच वाटेने उष्णता त्या पदार्थाला सतत हलवत राहते. सिलिका जवळजवळ काहीच खात नाही. छेडल्यास तिचा कंप कित्येक दिवस मावळत नाही, पण तो ५०० कंपनांच्या आसपासच्या मोजक्या सुरांत अडकून पडतो. संशोधक त्यांना व्हायोलिनचंच नाव देतात. बाकीची पट्टी शांत राहते. त्या शांततेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर टिपली गेली: ३५ पासून २५० कंपनांपर्यंत चढत गेलेली, अगदी पाच तारांच्या बेसच्या पट्टीत बसणारी.

तंबोऱ्याच्या चार तारा सगळं काही वाटून टाकण्यासाठी, सिलिकाच्या चार तारा काहीच न देण्यासाठी. कोणता पदार्थ सुरेल, या प्रश्नाला इथे अर्थच उरत नाही. बेस घडवून घेणाऱ्याने यादी उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: सूर किती वेळ टिकायला हवा, तो कोणत्या वाद्यांच्या गर्दीत बोलणार, आणि वाद्य किती वेळ खांद्यावर राहणार. उत्तरं मिळाली की मानेचा कडकपणा, तारांची जात आणि वजन ठरतं, आणि यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. उरलेल्यांतून ज्याच्या रेषा डोळ्यांना आवडतील ते लाकूड खुशाल घ्यावं. त्या निवडीला कानाचं कारण देत बसू नये.