तू, तो आणि ते : मराठीतील तीन शंका

वडील गेले त्याला आता सव्वीस वर्षे झाली. दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पण एकही खाली उतरेना. आत्याने हात जोडून विनवले, "दादा, आता मन मोकळं कर." काकांनी मला पुढे ढकलले, "आईला सांभाळीन म्हण." मी म्हटले. शेजारच्या पिंडाला कावळा शिवला, आमच्या नाही. गुरुजींना दुसरीकडे जायचे होते. तासाभराने त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि दक्षिणा घेऊन ते निघाले. घरी आल्यावर आईने एकच विचारले, "शिवला का?" मी म्हटले, "शिवला."

त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास उडाला, असे मी पुढे बरीच वर्षे सांगत असे. ते खरे नव्हते, हे मला फार उशिरा आणि वाचनातून कळले. कसे कळले, ते या लेखात मांडायचे आहे.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. बारावीनंतर छापखान्यात लागलो आणि मुद्रिते तपासता तपासता वाचायला शिकलो. मुद्रितशोधकाला आशयाच्या आधी व्याकरण दिसते. त्याच सवयीने मी देवाधर्मावरचे मराठी लेखन वाचत गेलो, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. शंका घेणारा नेमका कोणाकडे बघून बोलतो आहे, हे त्याच्या सर्वनामावरून कळते. तुकोबांची शंका 'तू'शी बोलते, आगरकरांची 'तो'विषयी बोलते आणि जोतीरावांची 'ते' कोण, हे विचारते. आपली समीक्षा मात्र या तिघांना 'आस्तिक' आणि 'नास्तिक' अशा दोनच खणांत बसवायला जाते आणि मग प्रत्येकाचे काहीतरी खणाबाहेर राहते.

मुळात 'नास्तिक' हा शब्दच घोटाळ्याचा आहे. मनुस्मृतीत नास्तिक म्हटले आहे ते वेदांची निंदा करणाऱ्याला, ईश्वर नाकारणाऱ्याला नव्हे. त्यामुळे जगाच्या उत्पत्तीसाठी ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि यज्ञफलासाठी त्याची गरज न मानणारे पूर्वमीमांसक आस्तिक दर्शनांत बसले आणि बौद्ध, जैन नास्तिक ठरले. म्हणजे हा शब्द जन्माला आला तेव्हा तो ईश्वराविषयी नव्हता, ग्रंथाच्या अधिकाराविषयी होता. आज आपण त्याच शब्दाने ईश्वर मोजतो आणि दोन वेगळे प्रश्न एकाच तागडीत टाकतो.

पहिली शंका तुकोबांची. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. गाथेतल्या साडेचार हजारांवर अभंगांपैकी कितीतरी अभंग देवाशी भांडणारे आहेत. तुझे अस्तित्वच मला जाणवत नाही, तू दिलेला शब्द पाळत नाहीस, माझ्यापुरता तू मेलास, इथपर्यंत हे भांडण जाते. या अभंगांचा आपल्याकडे दोन प्रकारे उपयोग होतो. कीर्तनकार त्यांना प्रेमकलह म्हणतात, म्हणजे रुसवा लटका आणि शेवट गोड. बुद्धिवादी लेखक त्यातल्या दोन-चार ओळी कापून तुकोबांना आपल्या सभेत आणून बसवतात. मला दोघांचेही पटत नाही. रुसवा लटका नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत घरातली माणसे अन्नावाचून गेली, त्याच्या तक्रारीला लाडिक म्हणणे हा त्याचा अपमान आहे. आणि हा नकारही नाही, कारण मेलेल्याला कोणी 'तू' म्हणून जाब विचारत नाही, आणि विचारलाच तर तो अजून आपला वाटतो म्हणून. तुकोबांचा प्रश्न देव आहे की नाही हा नाहीच. देव ऐकतो का, हा आहे. हा प्रश्न विचारण्यासाठी श्रद्धा पुरेशी लागते आणि ती सतत जखमीही व्हावी लागते.

दुसरी शंका आगरकरांची. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूला जन्मलेला हा माणूस अवघ्या ३९व्या वर्षी दम्याने गेला. 'केसरी'चे संपादकपद सोडल्यावर १८८८मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनावर त्यांची बुद्धी घडली होती. 'देवतोत्पत्ति' या निबंधाच्या नावातच त्यांची भूमिका आहे. उत्पत्ती ज्याची होते त्याचा इतिहास लिहिता येतो. देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली आणि कशी बदलत गेली, हे ते एखाद्या संस्थेचा उगम सांगावा तसे सांगतात. इथे देव 'तो' आहे, समोर नसलेला, ज्याच्याविषयी बोलायचे असा. त्यामुळे आवाज चढत नाही. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांच्या गद्यात देवावर राग सापडत नाही. रुढींवर सापडतो, लोकांच्या आळसावर सापडतो. जो आहे की नाही हे ठरलेले नाही, त्याच्यावर रागवायचे कसे? तुकोबांचा राग आणि आगरकरांची शांतता यांतला फरक स्वभावाचा नाही, सर्वनामाचा आहे.

तिसरी शंका जोतीरावांची. त्यांना देवाविषयी शंका नव्हती. 'निर्मिक' हा शब्द त्यांनी प्रतिष्ठित केला तो त्या निर्मात्यावर विश्वास होता म्हणून. शंका होती ती मध्ये उभ्या असलेल्यांविषयी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे ओतूरला असे विवाह झाले, तेव्हा ग्रामजोशी आपला दक्षिणेचा हक्क मागत कोर्टात गेले. संघटित धर्म म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. तुम्ही आम्हाला बोलावले नाही तरी आमचे देणे लागता, एवढाच तो दावा होता.

१८८८मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१मध्ये छापले गेले. हे पुस्तक संवादरूप आहे आणि या रूपाकडे टीकाकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. धर्मग्रंथ सांगतो, हे पुस्तक विचारू देते. ज्या लेखकाचा आक्षेपच मध्यस्थाच्या मक्तेदारीवर आहे, त्याने स्वतः प्रवचनकार होऊन कसे चालेल? म्हणून प्रश्न विचारणारे येतात, अडतात, पुन्हा विचारतात. याच पुस्तकात ते एक कुटुंब कल्पितात. आई बौद्ध धर्म स्वीकारते, वडील ख्रिस्ती होतात, मुलगी मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्म पाळतो आणि कोणी कोणाचा द्वेष न करता एका घरात राहतात. धर्माचा आग्रह धरणाऱ्यांना हे घर आजही झेपणार नाही, आणि धर्म मोडीत काढायला निघालेल्यांनाही.

आणखी एक गोष्ट. जोतीरावांनी विधी टाकून दिले नाहीत. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे एक छोटे पुस्तकच काढले. माणसाला जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या वेळी काहीतरी करावेसे वाटते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी फक्त मधली जागा रिकामी केली.

ही विभागणी काटेकोर नाही, हे मला कळते. तुकोबांनी दांभिक साधूंवर आणि पोटार्थी पंडितांवर जे कोरडे ओढले, ते 'ते'विषयीच आहेत. आगरकरांनीही पुरोहितशाहीला सोडलेले नाही. पण प्रत्येकाची मूळ शंका कोणती आणि तिच्यातून फुटलेली शंका कोणती, हे पाहिले तर वाचन स्वच्छ होते. पुढच्या काळालाही हे लागू पडते. 'विवेकजागराचा वादसंवाद' या कार्यक्रमात डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एका मंचावर येत. लागू देवाला निवृत्त करा म्हणत. दाभोलकर मात्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माबाबत तटस्थ आहे, तिचा विरोध शोषणाला आहे, असे सांगत. अनेकांना ही तटस्थता डावपेच वाटली. मला ती जोतीरावांच्या वाटेवरची वाटते. एकाच मंचावर 'तो' आणि 'ते' हे दोन प्रश्न शेजारी बसत आणि एकमेकांत मिसळत नसत. २० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांना हा फरक समजून घ्यायचा नव्हता.

आता घाटाकडे परत येतो. त्या दिवशी मला नेमकी कसली शंका आली होती? गुरुजी दर्भाचा कावळा करत होते, तेव्हा मला ईश्वराच्या अस्तित्वाचा विचार आला नव्हता. हाच कावळा चालत होता तर तासभर आम्हाला का उभे केले, हा विचार आला होता. ती 'ते'विषयीची शंका होती. तिला मी पुढे 'तो'विषयीची म्हणून मिरवले, कारण नास्तिक म्हणवून घेण्यात रुबाब होता आणि एका माणसाच्या घाईवर चिडलो होतो असे सांगण्यात नव्हता. आणि रात्री एकटा असताना, वडिलांना शेवटी इतके का हाल काढायला लावलेस, असे मी जे मनात म्हणालो, ते तर सरळ 'तू'लाच म्हणालो होतो. मी आगरकरांचा अनुयायी म्हणवत होतो. वाक्ये मात्र निम्मी जोतीरावांच्या आणि निम्मी तुकोबांच्या व्याकरणात होती.

मग आईला खोटे का बोललो? ज्याला काहीच मानायचे नाही त्याने 'शिवला नाही' म्हणायला हरकत नव्हती. आगरकरांच्या घरी यशोदाबाईंचे देवधर्म, सोवळेओवळे चालू होते आणि त्यांनी त्यात सक्ती केली नाही. ही विसंगती आहे, असे मीही एके काळी वहीत लिहून ठेवले होते. आता ते खोडले आहे. दुसऱ्याचा आधार आपल्या युक्तिवादासाठी काढून घ्यायचा नाही, हे बुद्धिवादातच बसते. पण माझे खोटे आणि आगरकरांची सहिष्णुता एकच नव्हे. त्यांनी आपले मत लपवले नव्हते. मी लपवले.

शिवाय आईच्या प्रश्नात 'तू' नव्हता, 'तो' नव्हता आणि 'ते'ही नव्हते. तिला देवाविषयी काही विचारायचे नव्हते, गुरुजींविषयीही नव्हते. 'शिवला का?' म्हणजे 'हे गेले ते समाधानाने गेले का?' माझ्या तिन्ही खणांत हा प्रश्न बसत नाही. धर्माची संस्था इतके तडाखे खाऊनही टिकते त्याचे एक कारण इथे असावे. असे प्रश्न विचारायला तिच्याखेरीज फारशी जागा आपण केलेली नाही. जोतीरावांनी करायला घेतली होती.

आई आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या पितृपक्षात तिने पानावर वडिलांच्या आवडीची अळूवडी वाढली आणि गच्चीत ठेवायला माझ्या हातात दिली. मी ठेवून आलो. तिने या वेळी काही विचारले नाही. विचारले असते तर खरे सांगायचे, असे मी जिना चढताना ठरवले होते.