असिलोमारच्या गोष्टीचा राहिलेला भाग

जनुक-अभियांत्रिकीवरच्या लेखांत असिलोमारची गोष्ट हमखास येते. १९७२ मध्ये पॉल बर्ग यांनी दोन वेगळ्या विषाणूंचे डीएनए जोडले. त्यांतल्या एका विषाणूमुळे हॅम्स्टर या प्राण्यात कर्काच्या गाठी होतात. हा जोड-डीएनए ई. कोलाय जिवाणूत घालायचा बेत होता. ई. कोलाय तर आपल्या आतड्यातच राहतो! तो प्रयोगशाळेबाहेर पडला तर? सहकाऱ्यांच्या शंका ऐकून बर्ग यांनी पुढचा प्रयोग थांबवला. १९७४ मध्ये वैज्ञानिकांनी असे काही प्रयोग आपणहून स्थगित ठेवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जणांनी जमून सुरक्षिततेची चौकट आखली. तात्पर्य काय, तर विज्ञान स्वतःला आवर घालू शकते.

गोष्ट खोटी नाही. तिच्यातली दुहेरी कुंपणाची कल्पना तर वर्गात जरूर सांगावी. पहिले कुंपण खोलीचे : बंद दारे, गाळलेली हवा, निर्जंतुक केलेला कचरा. दुसरे खुद्द जिवाणूत. रॉय कर्टिस यांनी मुद्दाम दुबळा केलेला ई. कोलाय तयार केला. पेशीभित्तिकेसाठी लागणारे एक रसायन त्याला स्वतः बनवता येत नाही. आपण ते पुरवले नाही, तर वाढताना त्याची भित्तिका फुटते आणि तो मरतो.

आमची तक्रार आहे ती तात्पर्याबद्दल. असिलोमारला बहुतेक वैज्ञानिकच होते. थोडे वकील आणि पत्रकार. प्रयोगशाळेतली भांडी धुणारे, शेजारी राहणारे यांच्या वतीने कोणी नव्हते. जैविक अस्त्रांचा प्रश्न तर मुद्दाम बाजूला ठेवला होता.

राहिलेला भाग अमेरिकेतल्याच केंब्रिज शहरात घडला. १९७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला तिथे अशा प्रयोगांसाठी खास प्रयोगशाळा हवी होती. महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी वैज्ञानिकांना नगरपरिषदेच्या जाहीर सभेत बोलावून प्रश्न विचारले. प्रयोग काही काळ थांबले. नागरिकांची एक समिती नेमली गेली. तीत परिचारिका होती, अभियंताही होता. विज्ञान बुडाले अशी ओरड तेव्हा झाली. समितीने मात्र काही महिने विषय समजून घेतला आणि जादा अटी घालून प्रयोगांना परवानगी द्यावी असे सुचवले. फेब्रुवारी १९७७ मध्ये शहराने तसा नियम केला. विज्ञान बुडाले नाही. आज ते शहर जैवतंत्रज्ञान उद्योगाचे मोठे केंद्र आहे.

आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार अशा प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. नियमात तिचे सदस्य दिले आहेत : संस्थाप्रमुख, वैज्ञानिक, वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी. शेजारच्या वस्तीतल्या माणसाचा उल्लेख नाही.

आम्ही स्वतः संशोधक आहोत. बाहेरच्याने प्रश्न विचारला की पहिल्यांदा आम्हालाही रागच येतो. ‘याला काय कळते?’ असे मनात येते. पण धोका किती आहे हे तज्ज्ञ सांगू शकतील; तो कितपत पत्करायचा, हे ज्यांच्यावर तो येणार त्यांनाही विचारायला हवे. केंब्रिजच्या नागरिकांना विषय कळला, कारण कोणीतरी तो नीट समजावून दिला. ते काम शिक्षकांचेच आहे. म्हणून असिलोमार शिकवताना केंब्रिजही शिकवावे.